बोटीवरचे सात जण : एका खलाशाच्या क्षयरोग उपचाराचं प्रकरण

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचं एक गाव. गावाचं नाव देत नाही आणि माणसांचीही देणार नाही. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि क्षयरोगाच्या रुग्णाची ओळख फुटली की काय होतं ते या प्रकरणात माझ्याच हातून घडलं. मी तालुक्याच्या क्षयरोग पथकात उपचार पर्यवेक्षक आहे. नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या गोळ्या वेळेवर सुरू होतात ना, मध्येच बंद पडत नाहीत ना, घरातल्यांची तपासणी झाली ना, हे पाहत मोटरसायकलवरून फिरणं हे माझं काम. या प्रकरणात मात्र मी जेमतेम चार-पाच वेळा हजर होतो. बाकी सगळं त्या वाडीच्या आशाताईंनी केलं.

रुग्ण ३८ वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. घरात आई, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. आमच्या नोंदीत त्याचा पत्ता म्हणजे हेच घर. प्रत्यक्षात ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत त्याच्या बहुतेक रात्री बोटीच्या केबिनमध्ये जातात, आणखी सात जणांबरोबर. एवढी एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवशी लिहून घेतली असती, तर पुढचा बराच त्रास वाचला असता.

अंगठी

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. लहान होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, ट्रॉलर खाडीत नांगरून ठेवतात आणि वाडीतले पुरुष दिवसाउजेडी घरी सापडतात. आशाताईंचं पावसाळ्यातलं तापाचं सर्वेक्षण नेमकं याच दिवसांत चालतं. लेप्टो, मलेरिया, डेंगी, घरोघरी विचारत जायचं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या या घरी गेल्या तेव्हा हा ओटीवर जाळं विणत बसला होता.

ताप? नाही. खोकला? "माका काय्येक झालला नाय, वयनी. गारठो बाधलो असतलो."

आशाताईंचा नवरा त्याच वाडीतला, म्हणून त्या याच्या वयनी. उत्तर लिहून घेऊन पुढच्या घरी जाणं सोपं होतं. पण त्यांचं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. चांदीची अंगठी, आणि तिच्या आतल्या बाजूला जाळ्याचा निळा नायलॉनचा धागा घट्ट गुंडाळलेला. जाळं ओढताना अंगठी गळून पडू नये म्हणून लोक असं करतात. त्यांनी विचारलं, "ही कधीपासून ढिली झाली?" तो म्हणाला, शिमग्यापासून.

शिमगा मार्चमध्ये. म्हणजे तीन महिने माणूस वाळत चालला होता. मग एकेक धागा सुटत गेला. खोकला होताच, रात्री घामाने बनियन भिजत होता, पण केबिनमध्ये सगळेच घामाघूम असतात. औषधाच्या दुकानातून खोकल्याचं पातळ औषध दोनदा आणलं होतं. नंतर बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला बरं वाटलं, पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. ती चिठ्ठी मी नंतर पाहिली. दुसऱ्या वेळच्या गोळ्या लेव्होफ्लॉक्सासिनच्या होत्या. हे औषध क्षयाच्या जंतूंनाही काही दिवस दाबून धरतं. रुग्णाला वाटतं उतार पडला, आणि निदान महिनाभर पुढे जातं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला असं औषध देण्याआधी थुंकी तपासायला हवी. हे मी तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊन सांगतो आणि सांगत राहणार आहे.

मधल्या काळात आईने ग्रामदेवतेकडे कौलही लावला होता. आशाताईंनी त्यावर वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "कौलात औषध घेऊ नको असं काही इलाहा का?" आई म्हणाली, तसं काही नाही. "मग उद्या सकाळी थुंकी देऊंदे."

दोन डब्या

थुंकीचा नमुना हा बोलायला सोपा आणि घ्यायला अवघड प्रकार आहे. तोंडातली लाळ चालत नाही, छातीतून आलेला बेडका लागतो. सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग जोरात खोकून डबीत घ्यायचं. हे सगळं उघड्यावर, माणसांपासून लांब. आशाताईंनी समजावून डबी दिली, आणि पहिल्या दिवशी आली ती निव्वळ लाळ. घराशेजारी पाणी भरणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यासमोर खाकरायची लाज वाटली म्हणून त्याने पटकन थुंकून झाकण लावलं होतं. प्रयोगशाळेने नमुना परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटे साडेपाचला गेल्या आणि त्याला खाडीकडेच्या माडांखाली घेऊन गेल्या. पाऊस होता. स्वतः छत्री धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. चांगला नमुना मिळाला. मग ती डबी पिशवीत, पिशवी प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबा घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र. वाटेतल्या व्हाळाला पाणी चढलं होतं, एसटी अलीकडेच थांबली. पाणी ओसरेपर्यंत दीड तास त्या तिथेच एका दुकानाच्या पडवीत बसल्या.

आमच्याकडे ट्रूनॅट यंत्र आहे. गोव्यात वेर्ण्याला मुख्यालय असलेल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, त्यामुळे पावसाळ्यात वीज गेली तरी काम अडत नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. जंतू आहेत की नाहीत हे साधारण तासाभरात कळतं, आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतात की नाही हे त्यापुढच्या तासाभरात. याचा निकाल दुपारी आला: क्षयाचे जंतू आहेत, रिफाम्पिसिनला प्रतिरोध नाही. त्याच दिवशी एचआयव्ही आणि साखरेची तपासणी झाली, दोन्ही ठीक. वजन ४२ किलो.

३ जुलैला गोळ्या सुरू झाल्या. या वजनाला रोज तीन. एकाच गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. हे पहिले ५६ डोस. त्यानंतर पायराझिनामाइड वगळून तीन औषधांचे ११२ डोस. २०१७ पर्यंत आपल्या कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा गोळ्या दिल्या जात, आता रोज. आशाताईंनी त्याला काय होईल ते आधीच सांगून ठेवलं: लघवी नारिंगी-लाल होईल, घाबरायचं नाही. सांधे दुखू शकतात. उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले, किंवा नजर धूसर झाली, तर गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन तसाच केंद्रावर ये. आणि दारू बंद, कारण यातल्या तीन औषधांचा भार यकृतावर पडतो. सगळ्याला त्याने मान डोलावली. शेवटी म्हणाला, "वयनी, ह्या कोणाक सांगू नकात."

घरातल्यांची तपासणी झाली. आई, बायको, मुलगी, मुलगा, कोणालाही आजार नव्हता. एवढ्या लहान वयात लागण आजारात बदलायला वेळ लागत नाही आणि बदलली तर फार वाईट रूप घेते, म्हणून चार वर्षांच्या मुलाला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लगेच सहा महिन्यांचा प्रतिबंधक उपचार सुरू केला. इतरांचाही प्रतिबंधक उपचार तपासण्या पूर्ण झाल्यावर सुरू झाला.

आईचा एकच प्रश्न होता: याला कुठे वेगळं ठेवायचं? तिच्या लहानपणी क्षयाचा माणूस घाट चढून मिरजेच्या वॉनलेसवाडीच्या सॅनेटोरियमला, म्हणजे क्षयाच्या रुग्णालयात, जायचा, तो परत यायचाच असं नाही. तिला हे सांगावं लागलं की घरी राहून नीट औषध घेणारा रुग्णालयात पडून राहणाऱ्याइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे वेगळा धोका होत नाही. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने हे दाखवलं आणि जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर हळूहळू बंद झाली. कारण साधं आहे. घरच्यांना जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. औषध सुरू झालं की दोनेक आठवड्यांत पसरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. ताट-वाटी वेगळी केल्याने काही होत नाही, तो हवेतून पसरतो. आईने ऐकून घेतलं. ताट मात्र वेगळंच ठेवलं. आशाताईंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी सोडून दिलं.

ऑगस्ट

जुलैचे २९ डोस एकही न चुकता झाले. वजन एक किलोने वाढलं. आमच्या मासिक बैठकीत मी हे प्रकरण 'सुरळीत' म्हणून वाचून दाखवलं.

त्याच महिन्यात त्याच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते मी विचारलं नव्हतं. बंदीच्या दोन महिन्यांत खलाशाला उत्पन्न नसतं. घर चालवायला बोटमालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की हंगाम सुरू होताच बोटीवर हजर व्हावंच लागतं. हवा उघडली आणि ४ ऑगस्टला बोट सुटली. पाच दिवसांची फेरी. आशाताईंनी मोजून गोळ्या दिल्या. ९ तारखेला तो परतला, दोन दिवस घरी होता, ११ ला पुन्हा सुटला, १६ ला आला. दोन्ही वेळा त्याने रिकामी पाकिटं आणून दाखवली.

याच दरम्यान माझ्या हातून चूक झाली. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवर त्याच्या नावापुढे जो मोबाइल नंबर होता त्यावर मी फोन केला. पलीकडून 'हॅलो' आलं, आणि समोर कोण आहे हे विचारायच्या आधी मी म्हणालो, क्षयरोग पथकातून बोलतोय, गोळ्या चालू आहेत ना? तो नंबर बोटमालकाचा होता. घरात एकच फोन, तोही बिघडलेला, म्हणून नोंदणीच्या दिवशी त्याने मालकाचा नंबर दिला होता.

१६ तारखेला जेटीवर मासळी उतरवून झाल्यावर मालकाने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुढच्या फेरीला येऊ नको, उचल नंतर फेड. तो तिथून सरळ आशाताईंच्या दारात आला. त्याला वाटलं, त्यांनीच सांगितलं. त्या अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी शपथा घेतल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्याला बसायला सांगून मला फोन लावला आणि त्याच्यासमोर विचारलं. मी म्हणालो, होय, माझ्याकडून गेलं. त्या एवढंच बोलल्या, "सर, उद्या तुम्ही स्वतः या. फोनवर नको."

त्या संध्याकाळी राग ओसरल्यावर त्याने आणखी एक गोष्ट कबूल केली. दोन्ही फेऱ्यांत एकही गोळी घेतली नव्हती. पाकिटं फोडून गोळ्या समुद्रात टाकल्या होत्या. पहिल्याच सकाळी बोटीच्या कडेला उभं राहून लघवी करताना बाजूच्या खलाशाने रंग पाहिला आणि ओरडला, मेल्या, रगत जाता तुझा. त्यानंतर त्याने गोळ्या बंद केल्या. एकूण ११ डोस चुकले. आशाताईंना शंका आली होतीच. त्याची आई बोलता बोलता म्हणाली होती की लघवी आता साधी होते. पण त्याने स्वतःहून सांगावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

उपचाराच्या नियमांप्रमाणे एवढ्या खंडाने पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, चुकलेले डोस जोडून पूर्ण करायचे असतात. त्यामुळे पहिला टप्पा २७ ऑगस्टऐवजी ७ सप्टेंबरला संपणार होता. पण बोटीवर गोळ्या कशा जाणार हा प्रश्न तसाच उभा होता. फोन करून डोस नोंदवायच्या सोयीचा इथे उपयोग नाही, किनारा सोडून थोडं आत गेलं की रेंज जाते.

मालकाचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी गेलो. आधी त्याच्या घरी. ओटीवर बसून त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. मग आशाताई आणि मी मालकाकडे गेलो. त्याला सगळं कळलेलंच होतं, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. तरी बोलू का, हे रुग्णाला विचारून, त्याची परवानगी घेऊनच गेलो.

मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "त्याचं ठीक आहे. माझ्या बाकीच्या सात जणांचं काय?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं की याने महिनाभर औषध घेतलंय, आता त्याच्यापासून धोका फार कमी आहे. ते खरंही होतं. पण प्रश्न तो नव्हता. मार्च ते मे, खोकला जोरात असताना, दारं-खिडक्या लावलेल्या केबिनमध्ये हे सात जण त्याच्या अंगाला अंग लावून झोपले होते. उपचाराविना राहिलेला असा एक रुग्ण वर्षभरात पाच ते पंधरा जणांना लागण करू शकतो, हे मीच प्रशिक्षणात शिकवतो. आणि आमच्या कार्डावर 'घरातील संपर्क' या रकान्यात चार नावं लिहून मी फाइल पुढे सरकवली होती. त्या सात जणांविषयी विचारणारा पहिला माणूस बोटमालक होता.

मालकाने एक अट घातली: सातही जणांची तपासणी करा, मग हा बोटीवर येऊ दे. त्याला एक फेरी घरी बसवलं, त्याचे पैसे मात्र कापणार नाही असं म्हणाला.

सात जणांना बोलवायचं कसं? एकाच बोटीच्या माणसांना केंद्रावर बोलावलं की संध्याकाळपर्यंत बंदरभर बोट कळते, आणि बोट कळली की त्यातला कोण हेही कळतं. इथे आशाताईंनी जे सुचवलं ते आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही. त्या म्हणाल्या, एका बोटीला नको, सगळ्या बोटींना बोलवूया. रक्तदाब, साखर, वजन, खोकला, जेटीवरच. आणि सकाळी दहाला नाही. बोटी लागतात पहाटे, लिलाव होतो, त्यानंतर हे लोक झोपतात. दहा वाजता जेटीवर मांजरंच असतात.

वैद्यकीय अधिकारी तयार झाले. जिल्ह्याकडून हातात धरायचं एक्स-रे यंत्र एका दिवसासाठी मिळालं. पहाटे साडेपाचला लिलावाच्या शेडच्या टोकाला टेबल मांडलं. आदल्या दिवशी आशाताई प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याला, भेटून आल्या होत्या. माशांच्या टोपल्या, बर्फाचा चुरा, कावळे, आणि त्यात रांगेत उभे साठेक पुरुष. रक्तदाब मोजायचा म्हणून सगळे आले. क्षयाचं नाव घेतलं असतं तर निम्मे आले नसते.

त्या सात जणांतले सहा आले. दोघांना खोकला होता, थुंकीत काही निघालं नाही, एक्स-रे स्वच्छ. सातवा नेपाळचा. बंदीत गावी गेला होता, परतल्यावर दुसऱ्या बंदरावरच्या बोटीवर गेला असं कळलं. आणि एका वेगळ्याच बोटीवरचा एक खलाशी, त्याला दोन महिन्यांचा खोकला, त्याची तपासणी सकारात्मक आली. त्याचा आणि आमच्या रुग्णाचा काही संबंध नव्हता. सगळ्या बोटी बोलावल्या नसत्या तर तो आणखी किती महिने तसाच राहिला असता.

जेवण करणारा

आता बोटीवर गोळ्या कोण देणार? माझं मत पडलं, तांडेलाने द्याव्यात. बोटीवर त्याचा शब्द चालतो. आशाताईंनी रुग्णालाच विचारलं, आणि प्रश्न असा विचारला: "बोटीवर तुझ्या ताटात कोण वाढतो?"

जेवण करणारा खलाशी पन्नाशीचा, पलीकडच्या वाडीतला. तांडेलाला कळलं तर काम जाईल एवढीच भीती होती. पण आपलं ताट वेगळं काढतील ही भीती त्याहून मोठी होती, आणि ताट ज्याच्या हातात असतं तो हा माणूस. घरी आईने वेगळं काढलेलं ताट त्याला किती लागलं होतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

आशाताई त्या माणसाला दोनदा भेटल्या. तो लगेच हो म्हणाला. त्याने रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी मागितली, कारण बोटीवर कागदी पाकीट दोन दिवसांत ओलावतं. ती बरणी त्याने साखरेच्या डब्याशेजारी ठेवली. पहाटेचं जाळं ओढून झालं की चहा होतो. चहाआधी तीन गोळ्या हातावर, समोर गिळायच्या. त्याला लिहिता येत नव्हतं. रिकामी पाकिटं तो बरणीत ठेवायचा आणि बोट लागली की ती बरणी आशाताईंकडे यायची. या पद्धतीने सप्टेंबर ते डिसेंबर फक्त दोन डोस चुकले, तेही वादळी वाऱ्यात बोट दुसऱ्या बंदरात अडकली तेव्हा.

लघवीच्या रंगाचं त्या जेवण करणाऱ्यानेच मिटवलं. कोणी विचारलं की सांगायचा, ताकदीच्या गोळ्या घेतोय, त्यांचा रंग. मला आधी हे उत्तर पटलं नव्हतं. आता वाटतं, समुद्रात असताना दुसरं काय सांगणार होता.

गणपती

ऑगस्टअखेर चाकरमानी आले. मोठा भाऊ, वहिनी, त्यांची मुलं मुंबईहून. घरात पाय ठेवताच भावाला ताट दिसलं आणि कळलं. कुजबूज सुरू झाली, आरतीला याने पुढे उभं राहावं की नाही. तेव्हा ती मुंबईची वहिनी सगळ्यांसमोर बोलली. चार वर्षांपूर्वी तिला स्वतःला क्षय झाला होता, औषधांना दाद न देणारा, दीड वर्ष उपचार घेतला. सासरी कोणालाच माहीत नव्हतं, फक्त नवऱ्याला. ती म्हणाली, तेव्हाही मी इथे येऊन तुम्हाला मोदक करून घालत होते.

त्या रात्री ते वेगळं ताट मांडणीवर इतर ताटांत गेलं. आशाताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दोन महिने त्या ताटाबद्दल बोलायची योग्य वेळ शोधत होत्या.

खाणं आणि पैसे

औषधाइतकंच वजन महत्त्वाचं. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ आणि डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं तर दगावण्याचा धोका बराच उतरतो हेही त्यातून दिसलं. मासेमाराच्या घरात खायला मासे असतीलच असं बाहेरच्याला वाटतं. जुलैमध्ये या घरात सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, कधी सुकट. आशाताईंनी बाजारातली पावडर सांगितली नाही. पेजेबरोबर अंडं, पिठी दाट करा, सुकट रोज, शेंगदाणे खिशात, असं सांगितलं. एका मंडळाने निक्षय मित्र, म्हणजे रुग्णाला खाण्याची मदत देणारे, म्हणून धान्याचं किट दिलं, ते तीन महिने आलं.

निक्षय पोषण योजनेत दरमहा १००० रुपये मिळतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले. याचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. सुधारणा होऊन पहिले पैसे येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. ज्या जुलैमध्ये घरात पैसाच नव्हता, ज्या जुलैमुळे उचल घ्यावी लागली, त्या जुलैला यातला एक रुपया पोचला नाही. किनाऱ्यावरच्या रुग्णांसाठी खात्याची कामं निदानाच्या दिवशीच हातावेगळी केली पाहिजेत, हे मी तेव्हापासून स्वतः बँकेत जाऊन करतो. जेटीवरच्या तपासणीत दुसऱ्या बोटीवर सापडलेला रुग्ण खलाशीही नेपाळचा, त्याचं इथे खातंच नाही. त्याला फक्त किट मिळालं.

आणि आशाताई. साध्या क्षयाच्या रुग्णाचा उपचार पूर्ण करून दिला की उपचार सहाय्यकाला एकदा १००० रुपये मिळतात. सहा महिन्यांत वाटले तर दिवसाला साडेपाच रुपये. यात पहाटेच्या माडाखालची छत्री आली, व्हाळाकाठचा दीड तास आला, प्रत्येक तांडेलाच्या घरी केलेली फेरी आली. गेली अनेक वर्षं मी या बायकांबरोबर काम करतोय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला तेव्हा आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या. तो गौरव योग्यच होता. पण साडेपाच रुपयांचा आकडा मला सहन होत नाही, आणि तो मी प्रत्येक बैठकीत मोठ्याने सांगतो. जेवण करणाऱ्या खलाशाला तर काहीच मिळत नाही, कागदावर एकच नाव बसतं.

आजची स्थिती

पहिला टप्पा संपल्यावरची थुंकी स्वच्छ आली, वजन ४५ किलो. डिसेंबरच्या ३० तारखेला शेवटचा डोस झाला. शेवटची तपासणीही स्वच्छ, वजन ४९. नोंद 'बरा झाला' अशी झाली. मुलाच्या प्रतिबंधक गोळ्याही पूर्ण झाल्या. दारू पूर्ण सुटली असं म्हणता येणार नाही, उपचाराच्या काळात बरीच कमी होती. अंगठीतला धागा त्याने ऑक्टोबरमध्ये काढला. आशाताईंना मुद्दाम हात पुढे करून दाखवला.

आमच्या तालुक्यात आता नोंदणीच्या वेळी दोन जादा प्रश्न विचारतो: हा नंबर कोणाचा, आणि तुम्ही झोपता कुठे. जेटीवरची तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी वर यायच्या आधी आणि नेपाळचे खलाशी गावी जायच्या आधी घ्यायचं ठरलं आहे.

सातवा खलाशी अजून सापडलेला नाही. त्याचं नाव आशाताईंच्या वहीत आहे. दुसऱ्या बंदराच्या आशांना त्यांनी ते कळवलं आहे, आणि तिथली बोट इकडे लागली की त्या जेटीवर जाऊन विचारून येतात.